तळघरातला रेडॉन आणि मीटरवरचा आकडा

पुण्याच्या सहकारनगर भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

‘आमचा बंगला सासऱ्यांनी १९७८ साली बांधला. खाली अर्धे जमिनीत गेलेले तळघर आहे. पूर्वी तिथे अडगळ असे. आता मुलाने तिथे ऑफिस थाटले आहे आणि दिवसाचे नऊ-दहा तास तो तिथेच असतो. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने रेडॉन मोजण्याचा छोटा मीटर आणला. सकाळी तळघराचे दार उघडण्यापूर्वी त्यावर २१० आकडा दिसतो, दुपारी ६० ते ७०, आणि वरच्या मजल्यावरील निजायच्या खोलीत २५ च्या आसपास. तेव्हापासून घराची झोप उडाली आहे. कोणी सांगते, ओट्याचा ग्रॅनाइट काढून टाका. कोणी म्हणते, हा वायू जड असल्याने खाली साचतो, तेव्हा जमिनीवर अंथरूण घालू नका. मुलाने एअर प्युरिफायर आणला, पण आकडा हलला नाही. सासूबाई दोन्ही वेळा उदबत्ती लावतात. सासरे दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतात, त्याही बहुधा तळघराच्या पायरीवर बसून. यात नेमके धोक्याचे काय? घर विकावे का?’

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे: प्युरिफायर आणला, पण आकडा हलला नाही. मीटर वायू मोजतो, प्युरिफायर कण पकडतो, आणि फुप्फुसाला जी इजा होते ती मुख्यत्वे या दोहोंच्या मधल्या एका तिसऱ्याच गोष्टीमुळे होते. ती तिसरी गोष्ट घरातल्या हवेत कशी वागते, हे ध्यानात आले की आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. म्हणून प्रथम तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

खडकात आणि मातीत सर्वत्र अल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याच्या किरणोत्सारी क्षयातून, म्हणजे अणू आपोआप फुटत जाण्यातून, पुढे रेडियम तयार होते आणि रेडियमच्या क्षयातून रेडॉन. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून संपण्यास लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे असल्याने हा पुरवठा आपल्या हयातीत आटण्यासारखा नाही. रेडॉनचे अर्धायुष्य मात्र ३.८ दिवसांचे आहे. तो निष्क्रिय वायू आहे. कशाशी संयोग पावत नाही, कशाला चिकटत नाही, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतून वाट काढत घरात येण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. श्वासाबरोबर तो आत जातो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. तो एवढेच करून थांबला असता, तर हे सदर आज दुसऱ्या विषयावर लिहावे लागले असते.

परंतु रेडॉनचा अणू फुटल्यावर जे मागे उरते ते वायू नसते. पहिला अपत्य-अणू पोलोनियम-२१८ चा असतो, अर्धायुष्य सुमारे ३ मिनिटे. त्यातून शिसे-२१४ होते, ते सुमारे २७ मिनिटांचे. त्यातून बिस्मथ-२१४, सुमारे २० मिनिटांचे. आणि त्यातून पोलोनियम-२१४, जे सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतकाही काळ टिकत नाही. त्यानंतर शिसे-२१० येते आणि तिथे ही घाई थांबते, कारण त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे आहे. ही सगळी धातूंची मंडळी. धातूचा सुटा अणू ज्या पृष्ठभागाला लागेल तिथेच बसतो, आणि श्वासनलिकेचे ओलसर अस्तर हा त्या दृष्टीने उत्तम पृष्ठभाग आहे. श्वासमार्गातील चिकट स्राव असे कण वर ढकलून बाहेर काढत असतो खरा, पण त्याला काही तास लागतात, आणि या अपत्यांचा सारा खेळ त्याआधीच संपतो. दोन्ही पोलोनियम फुटताना अल्फा कण, म्हणजे अणुगर्भातून वेगाने सुटणारे कण, सोडतात. अल्फा कण कागदाने अडतो, पेशीजालात तर जेमतेम ४० ते ७० मायक्रोमीटर जातो. बाहेरून अंगावर पडला तर त्वचेचा मृत थर त्याला पुरतो. मात्र श्वासनलिकेच्या अस्तरावर बसून सोडलेल्या कणाला तेवढेच अंतर पुरेसे असते, कारण ज्या पेशींमधून कर्करोग उद्भवतो त्या त्याच खोलीवर असतात.

ही अपत्ये किती चिकट असतात याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात डिसेंबर १९८४ मध्ये स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्याच्या अंगावरील किरणोत्सारामुळे तपासणी यंत्राची धोक्याची घंटा वाजू लागली. केंद्रातून वीज मिळू लागण्यापूर्वीची ही गोष्ट. शोध घेता दोष केंद्राचा नसून त्याच्या घराचा निघाला: तिथे रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला एक लाख बेकरेलच्या घरात होते (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे), आणि घंटा वाजवणारी अपत्ये त्याच्या कपड्यांवर बसून कामावर आली होती. आपल्या मीटरवरील आकडा मी याच मापात धरतो आणि तो त्याच्या जवळपासही नाही, हे आताच सांगून ठेवतो.

आता हे अपत्य-अणू खोलीत काय करतात ते पाहू. नुकताच जन्मलेला पोलोनियमचा अणू बहुधा धनभारित असतो. थोड्याच वेळात त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेचे आणि इतर वायूंचे मोजके रेणू गोळा होतात आणि सुमारे एक नॅनोमीटरचा, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाएवढा, पुंजका बनतो. हा अत्यंत चपळ असतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: जागच्या जागी फुटणे, भिंत, पडदा, पंख्याचे पाते अशा एखाद्या पृष्ठभागाला जाऊन चिकटणे, किंवा हवेत तरंगणाऱ्या एखाद्या कणावर स्वार होणे. हे तरंगते कण म्हणजे धूर, फोडणीची वाफ, रस्त्यावरून येणारी काजळी. त्यांतले बहुसंख्य कण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. एकदा कणावर बसलेला अणू मग त्या कणाच्या गतीने चालतो, म्हणजे जवळजवळ चालतच नाही. सुटा पुंजका भिंतीला ज्या वेगाने चिकटतो, त्याच्या सुमारे शंभरपट मंद वेगाने तो चिकटतो, आणि तोवर हवेतच राहतो.

छताचा पंखा सुरू असला की हवा भिंतींवर आणि पात्यांवर वारंवार आदळते आणि सुटे अणू अधिक संख्येने तिथेच अडकतात. पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेला काळी रेघ जमते, ती ओल्या फडक्याने पुसून ते फडके संवेदनशील यंत्रापाशी नेले, तर नुकत्या बसलेल्या शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांची खूण मिळू शकते. मात्र तीन-चार तासांनी तेच फडके पुन्हा तपासले तर ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. म्हणून धुळीचे भय बाळगू नये. मागे राहणारे शिसे-२१० इतके थोडे असते की रोजच्या व्यवहारात त्याचा विचार करण्याचे कारण नाही. संशोधकांना मात्र त्याचा मोठा उपयोग झाला आहे. काचेवर बसलेला पोलोनियमचा अणू अल्फा कण सोडतो तेव्हा बंदुकीच्या दस्त्यासारखा मागे फेकला जातो आणि काचेच्या पृष्ठभागात काही दशनॅनोमीटर खोल रुततो. पुसून तो निघत नाही. त्यामुळे भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या तसबिरीच्या काचेत शिसे-२१० साचत जाते, आणि त्यापासून होणारे पोलोनियम-२१० मोजून त्या घरात गेल्या काही दशकांत रेडॉन किती होता, याचा अंदाज बांधता येतो. आपल्या दिवाणखान्यात आजेसासऱ्यांचा फोटो असेल, तर १९७८ पासूनची नोंदवही तिथे आहे म्हणायची.

खोलीतील रेडॉनच्या मानाने त्याची अपत्ये हवेत किती शिल्लक आहेत, हे सांगण्यासाठी समतोल गुणांक वापरतात. सगळीच्या सगळी अपत्ये हवेत राहिली तर तो १, एकही न राहिल्यास ०. राहत्या घरांसाठी साधारण ०.४ धरण्याची रीत आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक अपत्ये एक तर भिंतींवर गेलेली असतात किंवा वाऱ्याबरोबर बाहेर. हा गुणांक घरातली माणसे नकळत वरखाली करीत असतात. सासूबाईंनी उदबत्ती लावली की हवेत कण वाढतात, अधिक अपत्य-अणू त्यांवर बसतात, भिंतीपर्यंत कमी पोहोचतात, आणि गुणांक वाढतो. त्याच वेळी सुट्या अणूंचे प्रमाण घटते. ही दुसरी गोष्ट दिलाशाची वाटेल, कारण सुटे अणू नाकात आणि वरच्या श्वासनलिकांत फार कार्यक्षमतेने बसतात, तर कणांवर स्वार झालेल्यांपैकी बरेचसे आत जाऊन तसेच बाहेरही येतात. तरी यावरून उदबत्तीला औषध समजू नये. तिचा धूर स्वतःच फुप्फुसाला त्रासदायक आहे. देवघरापुरती एक काडी, खिडकी उघडी ठेवून, याला माझी हरकत नाही. बंद तळघरात मात्र लावू नये.

प्युरिफायर नेमके याच्या उलट करतो. त्याची गाळणी धुळीचे कण काढते आणि त्यांवर बसलेली अपत्येही काढते, म्हणून गुणांक उतरतो. पण रेडॉन वायू गाळणीतून आरपार जातो आणि नवे पोलोनियम जन्माला घालीतच राहतो. त्याला आता बसायला कण मिळत नाहीत, म्हणून सुट्या अणूंचा वाटा वाढतो, आणि दर अणूमागे श्वासनलिकेला किरणोत्साराची अधिक मात्रा देणारे हेच अणू असतात. बेरीज-वजाबाकी करता फुप्फुसाला मिळणारी मात्रा काहीशी कमी होते, पण गुणांक उतरलेला पाहून वाटावी तितकी नाही. किती, ते खोली, यंत्राचा जोर आणि हवेतील कणांवर ठरते. काही यंत्रांत कोळशाची पातळ जाळी असते. कोळसा रेडॉन धरतो हे खरे, परंतु एवढासा कोळसा लवकरच भरून जातो आणि धरलेला वायू परत सोडू लागतो. पुण्याच्या रस्त्यांवरील धुळीसाठी प्युरिफायर जरूर चालवावा. आणलाच आहे तर तो त्या कामी येईल. रेडॉनवरचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

येथे आपण विचाराल की, इजा अपत्यांमुळे होत असेल तर मीटर वायू का मोजतो. कारण असे की, अपत्यांच्या बाबतीत जे जे करावे त्यात एक बाजू सुधारते तेव्हा दुसरी थोडी बिघडते, आणि पंखा, धूर, गर्दी, दाराची फट यांनुसार तासातासाला चित्र बदलते. वायू मात्र कमी केला की त्याच्यामागून येणारे सारेच त्या प्रमाणात कमी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये जी मर्यादा सुचवली ती वायूच्या वार्षिक सरासरीची आहे: दर घनमीटरला १०० बेकरेल, आणि स्थानिक परिस्थितीत ते साधणे शक्य नसेल तर कोणत्याही स्थितीत ३०० च्या वर नाही. मीटरवरील २१० या आकड्याकडे पाहण्याची फूटपट्टी ही आहे, आणि त्यातला ‘वार्षिक सरासरी’ हा शब्द विसरता कामा नये.

जड वायू तळाशी साचतो, ही समजूत ऐकायला पटते, पण खरी नाही. निव्वळ रेडॉन हवेच्या सुमारे साडेसातपट जड आहे. पण निव्वळ रेडॉन आपल्या घरात कुठे आहे? दर घनमीटरला ४० बेकरेल, म्हणजे जगभरातील घरांची साधारण सरासरी, याचा अर्थ त्या घनमीटरात रेडॉनचे सुमारे दोन कोटी अणू आहेत. त्याच जागेत हवेच्या रेणूंची संख्या २५ वर चोवीस शून्ये, इतकी असते. या गर्दीत ते दोन कोटी अणू वेगळे होऊन खाली बसू शकत नाहीत. माणसाच्या चालण्याने, शरीराच्या उष्णतेने हवा हलते तेवढ्यानेही ते सर्वत्र मिसळलेले राहतात. तळघरात रेडॉन अधिक असतो तो वजनामुळे नव्हे. तो तिथूनच आत येतो आणि तिथली हवा कमी बदलते, म्हणून. तेव्हा जमिनीवर अंथरूण घालून कोणी झोपत असेल, तर खुशाल झोपू द्यावे.

ग्रॅनाइटच्या ओट्याचा हिशेब तर कागदावर मांडून दाखवता येतो. अडीच चौरस मीटर क्षेत्राची, दोन सेंटिमीटर जाडीची फरशी सुमारे १३५ किलोची होते. किलोमागे ५० बेकरेल रेडियम धरले तर एकूण ६७५०. यातून दर तासाला सुमारे ५१ बेकरेल रेडॉन तयार होईल. तो सगळाच्या सगळा बाहेर पडला आणि ३० घनमीटरच्या स्वयंपाकघरातील हवा तासातून एकदा बदलली, तर हवेत भर पडेल ती दर घनमीटरला पावणेदोन बेकरेलची. प्रत्यक्षात दगडात जन्मलेल्या रेडॉनचा लहानसा हिस्साच बाहेर येतो, बाकीचा स्फटिकांतच अडकून संपतो. रेडियम याच्या तिप्पट असले तरी ओटा फोडण्याचे कारण मिळत नाही. शिवाय आपल्याकडे ओट्याला जो काळा दगड सर्रास वापरतात, तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो किंवा डोलेराइट या जातीचा असतो आणि त्यात युरेनियम आणखी कमी असते.

पुण्याला या बाबतीत जमिनीचीही साथ आहे. शहर ज्या बेसॉल्टवर वसले आहे त्यात युरेनियम साधारण दशलक्षात एक भाग किंवा त्याहून कमी असते. ग्रॅनाइटमध्ये तेच तीन ते पाच भाग आढळते. थंड देशांत आतली गरम हवा वर चढून जमिनीतला वायू ओढून घेते आणि खिडक्या महिनोन्‌महिने बंद असतात. आपल्याकडे तसे होत नाही. आणि ज्या सोसायट्यांत खाली मोकळे पार्किंग व वर सदनिका आहेत, तिथे तर जमीन आणि घर यांच्यामध्ये वारा वाहतो, त्यामुळे जमिनीतला रेडॉन घरात येण्याची मुख्य वाटच तुटते. उरतो तो भिंती-स्लॅबमधून येणारा थोडासा. आपल्या वरच्या खोलीतील २५ हा आकडा याच प्रकारचा आहे आणि तिथे काहीही करावयाचे नाही. बोअरच्या पाण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण बंगल्यात बोअर असणारच म्हणून सांगतो: पाण्यात लिटरमागे १० बेकरेल रेडॉन असल्यास घराच्या हवेत त्याची भर सुमारे १ बेकरेलची पडते, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी पडून राहिले की तीही घटते.

तळघर मात्र वेगळे प्रकरण आहे. त्याच्या तीन-चार बाजूंना माती आणि मुरूम आहे, आणि बेसॉल्टमध्ये रेडॉन कमी तयार झाला तरी भेगाळ खडकातून आणि मोकळ्या भरावातून तो सहज सरकतो. हवा बदलण्याचा वेग इथे सर्व काही ठरवतो. रेडॉन स्वतःहून क्षय पावून तासाला एक टक्काही कमी होत नाही. खोलीतील हवा तासातून एकदा बदलली तर तो त्याच्या शंभराहून अधिक पट वेगाने बाहेर जातो. रात्रभर दार बंद असते, गळती चालू असते, म्हणून सकाळी २१०. दार उघडल्यावर दुपारपर्यंत ६०-७०. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो, तेव्हा बाहेरच्या हवेतही रेडॉन दुपारपेक्षा अधिक असतो. शेकोट्यांचा धूर पुण्यात ज्या वेळी खाली रेंगाळतो, तीच ही वेळ.

मीटरविषयीही एक गोष्ट. वरच्या खोलीत तो कधी १८, कधी ३२ दाखवीत असेल, तर त्यावरून काही बदलले असे समजू नये. अशा यंत्रातील मोजणीची कुपी फुलपात्राएवढी, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटरची धरली, तर २५ बेकरेल पातळीला त्यात तासाभरात रेडॉनचे अवघे अठरा-एक अणू फुटतात, आणि इतक्या थोड्या घटनांच्या मोजणीत चाराचा चढउतार हा निव्वळ योगायोगाचा असतो. तासाचा आकडा पाहू नये, एका दिवसाचाही फारसा पाहू नये. मीटरवर दीर्घकालीन सरासरी दाखवण्याची सोय असते, तीवर ठेवून तो तळघरात मुलाच्या टेबलाजवळ, बसल्यावर नाक येईल त्या उंचीवर, दार-खिडकीच्या झोतापासून आणि भिंतीपासून दूर ठेवावा. भिंतीपासून दूर का, तर थोरियम या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या क्षयातून येणारा थोरॉन हा रेडॉनचा सख्खा भाऊ भिंतीतून बाहेर पडतो, पण त्याचे अर्धायुष्य ५६ सेकंदांचे असल्याने तो भिंतीलगतच्या थोड्या अंतरातच सापडतो. यंत्र तिथे ठेवले तर आकडा उगीच फुगू शकतो. किमान तीन महिने, आणि त्यांत डिसेंबर-जानेवारी यावेत, अशी मोजणी करावी. खातरजमा करावयाची असल्यास एलआर-११५ फिल्मचे साधे मापक मिळते. अल्फा कणांचे ओरखडे फिल्मवर उमटतात आणि नंतर प्रयोगशाळेत मोजले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राने घरांतील मोजणीसाठी विकसित केलेली मापके याच तत्त्वावरची आहेत.

मुलगा दार उघडे ठेवून काम करतो की एसी लावून बंद दाराआड, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सारे त्यावर अवलंबून आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा थंड करून फिरवतो. दार उघडे असेल तर मुलाच्या वाट्याला येणारी हवा ७० च्या जवळची आहे. बंद असेल तर ती २१० कडे सरकत असणार. तेव्हा आजपासून एवढे करावे: सकाळी तो खाली जाण्याच्या तासभर आधी दार आणि झरोके उघडावेत, आणि एसी चालू असतानाही एक झरोका बोटभर उघडा ठेवावा.

यानंतरही सरासरी १०० च्या वर राहिली, तर पंख्याचा विचार करावा, पण येथे एक चूक हमखास होते. तळघर म्हटले की इलेक्ट्रिशियन एक्झॉस्ट पंखा बसवतो. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, आतला दाब किंचित उतरतो, आणि पुरेसा झरोका नसेल तर तूट भरून काढायला हवा फरशीच्या भेगांतून, म्हणजे थेट मातीतून, ओढली जाते. आकडा उतरण्याऐवजी चढू शकतो. त्यापेक्षा बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा बसवावा आणि आतली हवा जिन्याच्या दाराने निघून जाऊ द्यावी. पावसाळ्यात अशा पंख्याने दमटपणा आत येईल, त्या महिन्यांत तो थोडा थोडा वेळच चालवावा. त्याच्या आधी मात्र फटी बुजवाव्यात: नळाचे आणि ड्रेनेजचे पाइप भिंतीतून आत येतात त्यांच्या भोवती, फरशी आणि भिंत जुळते त्या कोपऱ्यात, आणि चेंबरचे झाकण सैल असल्यास तिथे. आपल्या वॉटरप्रूफिंगवाल्याला एवढेच सांगावे की पावसाळ्यात जिथून ओल येते त्या सगळ्या जागा हव्या आहेत. ओल आणि वायू यांच्या वाटा बहुतेक एकच असतात. ३०० च्या वर सरासरी गेली तरच फरशीखालून पाइप घालून तिथली हवा पंख्याने छताच्या वर सोडण्याचा, अमेरिकेत रूढ असलेला उपाय करावा लागतो. आपल्याकडे त्याची गरज पडेल असे मला आत्ताच्या आकड्यांवरून वाटत नाही.

धोक्याचे माप काय, तेही आकड्यांतच सांगतो. युरोपातील अनेक देशांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन सरासरी १०० बेकरेलने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हे १६ टक्के मूळ धोक्यावर चढतात, आणि मूळ धोका सर्वांचा सारखा नसतो. कधीही धूम्रपान न केलेल्या हजार जणांपैकी वयाच्या ७५ वर्षांपर्यंत या रोगाने दगावणारे रेडॉन नसताना सुमारे ४, सरासरी १०० असताना ५ आणि ४०० असताना ७. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या हजारांत हेच आकडे सुमारे १००, १२० आणि १६० असे येतात. आपला मुलगा धूम्रपान करीत नसेल, तर त्याच्या तळघराचा प्रश्न चौथ्या-पाचव्या माणसाचा आहे. सासऱ्यांचा प्रश्न शंभराव्याच्या पुढचा आहे. पायरीवर बसून ओढलेल्या सिगारेटचा धूर मुलाच्या खोलीत उतरतो, अपत्यांना हवेत तरंगत ठेवतो, आणि तो स्वतः या सगळ्याहून घातक असतो, हे निराळेच. मी आपल्या जागी असतो, तर मीटर, ओटा आणि प्युरिफायर यांवरची घरातली चर्चा थांबवून प्रथम सासऱ्यांना सिगारेट सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे नेले असते. ज्येष्ठांना सुनेने हे सांगणे अवघड जाते, याची मला कल्पना आहे. नातवाने सांगितले तर कदाचित ऐकतील, विशेषतः त्याच्याच खोलीचा प्रश्न आहे म्हटल्यावर.

घर विकण्याचे कारण या पत्रात मला कुठेही दिसत नाही. रेडॉन शरीरात किती गेला, हे सांगणारी रक्ताची किंवा लघवीची नेहमीची चाचणी नसते, म्हणून तशा तपासण्यांवर पैसे घालू नयेत. सासऱ्यांच्या छातीची तपासणी कोणती व किती वेळा करावी, हे त्यांचे वय आणि धूम्रपानाची वर्षे पाहून त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे, आणि त्यांना घरातील रेडॉनचा आकडाही सांगावा. मीटर फेब्रुवारीअखेरपर्यंत तळघरात राहू द्यावा. मधल्या काळात मुलगा दार बंद करून बसत असल्यास ते तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे सरासरी का चढली-उतरली हे नंतर सांगता येईल.

आपला,
सदरलेखक